माल विका, दुःख विकू नका



हंगाम सुरू झाला की मोबाईलवर एक पीक हमखास उगवतं. त्याला ना पाणी लागतं ना खत. "बळीराजा संकटात आहे! एक किलो बेदाणा घ्या, एका शेतकऱ्याचं घर वाचवा!" खाली हात जोडल्याची चार चिन्हं, भेगाळलेल्या रानाचा फोटो, एक म्हातारा कपाळाला हात लावून बसलेला. बेदाणा हिरवा की पिवळा, यंदाचा की गेल्या वर्षीचा शीतगृहात ठेवलेला, काडी किती, कचरा किती, भाव घरपोच की कुरिअर वेगळं, यातलं एक अक्षर नाही. आणि गंमत बघा, द्राक्ष पिकवणाऱ्या माणसाच्या जाहिरातीत भेगाळलेलं रान. अरे बाबा, त्या रानात द्राक्ष आलंच कसं?

आज याच्यावर लिहायचंय. काहींना झोंबेल, झोंबू दे. मीही शेतकरीच आहे आणि मीही ऑनलाईनच विकतो, त्यामुळे बाहेरचा कुणीतरी येऊन शहाणपण शिकवतोय असं म्हणायची सोय नाही. तासगावच्या पूर्व भागात साडेतीन एकर बाग आहे, शिक्षण दहावी पास. लिहिण्याची सवय वहीमुळं लागली. कुठल्या तारखेला छाटणी, कुठल्या तारखेला फवारणी, किती लिटर पाणी, असं लिहीत गेलो. म्हणून मला वाटतं की शेतकऱ्याला लिहिता येत नाही हे खोटं आहे. त्याला येतं. पण विकायला बसला की तो स्वतःची भाषा बाजूला ठेवतो आणि दुसऱ्यानं लिहिलेलं रडगाणं पुढं ढकलतो.

हे सुरू कधी झालं ते आठवा. २०२० च्या मार्चात टाळेबंदी लागली. बागेत माल तयार, व्यापारी फिरकेना, गाड्या बंद. आपल्या भागात कितीतरी जणांनी खायच्या द्राक्षाचा बेदाणा करून टाकला. त्याच वेळी पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांचे ग्रुप आपल्याला सापडले. तेव्हा "माल पडून आहे, घ्या" असं आपण लिहिलं आणि ते खरं होतं. लोकांनी घेतलं. काहींनी गेटवर टेबल मांडून स्वतः वाटप केलं. त्यांचे उपकार विसरायचे नाहीत. पण ती वेळ गेली, टाळेबंदी उठली, आणि मजकूर मात्र तसाच राहिला. सहा वर्षं झाली, अजून आपलं घर वाचवायचं चाललंच आहे. गिऱ्हाईकाला वाटत नसेल का, हे घर आहे तरी कसं?

आम्ही शाळकरी पोरं होतो तेव्हा घरातल्या थोरल्या माणसांच्या छातीवर शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला असायचा. १९८० साली शरद जोशींनी चाकणला कांद्याचं आंदोलन केलं, पुढं नाशिककडं ऊस-कांद्याचं झालं. घोषणा काय होती? भीक नको, हवे घामाचे दाम. लोक तुरुंगात गेले त्या घोषणेपायी. आणि आता त्यांचीच नातवंडं मोबाईलवर हात जोडल्याचं चिन्ह टाकून बेदाणा विकतात. म्हातारे बघायला नाहीत ते बरं.

त्याच्याही मागं जा. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ साली लिहून पुरा केला. त्यात दुःख कमी आहे का? कर्ज आहे, कोर्टकचेरी आहे, पाण्याच्या खात्याचा कारभार आहे, उघडाबोडका संसार आहे. पण ते वाचताना शेतकऱ्याची कीव येत नाही, राग येतो, आणि राग कुणावर करायचा तेही कळतं. शिवाय पुढं उपाय आहेत, बांधबंदिस्ती, तळी-तलाव, जनावरांची पैदास. दुःखावर लिहायचंच असेल तर असं लिहावं. बेदाण्याच्या पुडीवर चिकटवायला ते दुःख नसतं.

दोन वर्षांखाली पुण्याहून एक पोरगा आला होता. ऑनलाईन जाहिराती करून देणाऱ्या कुठल्याशा कंपनीचा. पोरगा वाईट नव्हता. शेड बघितलं, मूठभर बेदाणा खाल्ला, म्हणाला, "काका, प्रॉडक्ट एक नंबर आहे. पण स्टोरी पाहिजे." मी म्हटलं, आहे की. फेब्रुवारीत बावीसच्या वर ब्रिक्स आल्यावर घड काढले, डिपिंग केलं, जाळीवर टाकले, वारं चांगलं होतं म्हणून सोळाव्या दिवशी माल झाडला. तो म्हणाला, "तसं नाही काका. म्हणजे घरात काही... कर्ज, जप्ती, कुणी असं काही..." पुढचं त्याच्या तोंडातून निघेना. मी त्याला चहा दिला आणि एसटीच्या वेळेला स्टँडवर सोडलं.

त्या पोराचा राग नाही. त्याला वरून कुणीतरी शिकवलंय की शहरातलं माणूस रडल्याशिवाय पाकीट काढत नाही. माझा अनुभव उलटा आहे. रडून पहिली ऑर्डर येते, दुसरी येत नाही. कारण साधं आहे. दया आली म्हणून घेतलं ते दान झालं, आणि दान माणूस एकदा करतो. घेतलेल्या मालात खडा निघाला तरी तो तक्रार करत नाही, गप्प बसतो, पुन्हा मागवत नाही. आपल्याला वाटतं गिऱ्हाईक खूश आहे. तक्रार न आल्यामुळं आपली निवडणीही ढिली पडत जाते. माझ्या वहीत ३४० गिऱ्हाईकं आहेत. त्यातली दोनशेच्या वर दरवर्षी मागवतात, आणि मागवताना भांडतातही. गेल्या वर्षी काड्या जास्त होत्या, यंदा बघून पाठवा, असं ठणकावून सांगतात. मला ते आवडतं. जो भांडतो त्याला माल हवा असतो.

आता ज्या गोष्टीमुळं हा लेख लिहायला बसलो ती सांगतो.

शेजारच्या गावात एक ताई आहेत. मालक गेले त्याला चार वर्षं झाली. कसे गेले ते लिहिणार नाही, त्यांनी नको म्हटलंय. (हा सगळा मजकूर त्यांना वाचून दाखवला आहे. दोन ओळी काढा म्हणाल्या, काढल्या.) तीस गुंठे हळद असते त्यांची. बहुतेक माल सांगलीला सौद्यात जातो, थोडी दळून विकतात. गेल्या वर्षी शेतमाल ऑनलाईन विकणारे कुणी त्यांच्याकडं आले. हळदीच्या ढिगापाशी उभं करून फोटो काढले, पोरांना शेजारी उभं केलं. हळदीच्या जाहिरातीला आहेत म्हणाले. चार दिवसांनी तो फोटो सगळ्या तालुक्यात फिरला. ताई जे सांगू नका म्हणत होत्या ते पहिल्याच ओळीत होतं, ठळक अक्षरात. खाली "या माउलीचे अश्रू पुसा". पोरगं नववीत. वर्गातल्या पोरांनी मोबाईल त्याच्याच पुढं धरला. तीन दिवस शाळेत गेलं नाही.

ताईंनी फोन केला, काढून टाका म्हणून. उत्तर आलं, "ताई, पोस्टला रीच खूप चांगला मिळतोय, थोडे दिवस राहू द्या, तुमचाच फायदा आहे." पोस्ट निघायला अकरा दिवस लागले. फायदा काय झाला तोही ऐका. ताईंना किलोला १६० मिळाले. पोस्टवर भाव होता ४५०.

अशी वेळ आलेल्या घराला सरकारी मदत १ लाखाची. ती मिळवायला पंचनामा, सातबारा, कर्जाचा दाखला घेऊन त्या बाईनं कचेऱ्या फिरायच्या आणि शेवटी समितीनं पात्र की अपात्र ठरवलेलं ऐकायचं. एकदा दुःखाचे कागद दाखवून झाले. आता तेच दुःख हळदीच्या पुडीवर पुन्हा दाखवायचं, आणि तेही तिला न विचारता? याला करुणा म्हणत असाल तर मग लुटीला काय म्हणायचं ते मला सांगा.

त्या जाहिरातीत आणखी एक गोष्ट होती जी कुणाच्या लक्षात येत नाही. तिच्यात हळदच नव्हती. जात कुठली, कधी काढली, कशी शिजवली, काही नाही. ताई पहाटे चारला उठून कुकरपाशी उभ्या राहतात, हळद जास्त शिजली तर रंग जातो, कमी शिजली तर आतून कच्ची राहते, बोटानं दाबून बघतात. ओल्या पाच किलोला वाळून जेमतेम एक किलो उरते. हे सगळं त्यांचं कसब, आणि जाहिरातीनं ते झाकून टाकलं. उरली फक्त एक रडणारी बाई. आणि खरं सांगू का, त्या फोटोत ताई रडतही नव्हत्या. ऊन होतं म्हणून डोळे बारीक केले होते.

यंदा त्यांच्यासाठी मी आणि माझ्या पुतण्यानं मजकूर लिहिला. तो असा:

"हळद पावडर, जात सेलम. यंदाच्या जानेवारीत काढलेली. कुकरमध्ये शिजवून १५ दिवस उन्हात वाळवली, पॉलिश केली, गावातल्या गिरणीत दळली. वरून रंग लावलेला नाही. वास उग्र आहे, भाजीत नेहमीपेक्षा थोडी कमी घाला. १ किलो ३०० रुपये, कुरिअर वेगळं. दळून साठवत नाही. सोमवारी दळतो, बुधवारी पाठवतो. पुडी फुटून आली तर फोटो पाठवा, दुसरी देऊ."

एवढंच. पहिल्या पंधरवड्यात ३५ किलो गेली. फार नाही, मला माहीत आहे. पण त्यातल्या अकरा जणांनी दुसऱ्यांदा विचारलं, आणि एका बाईंनी लिहिलं की जरा जाडी दळली आहे. पुढच्या सोमवारी चाळण बदलली.

तर मंडळी, चांगलं लिहिणं म्हणजे अलंकार नव्हे. समोरच्याला जे ठरवायचंय त्याला लागणारी माहिती, त्याच्या क्रमानं, खरी खरी देणं. वाण्याच्या दुकानात आपण उभे राहिलो की काय विचारतो? कुठला आहे, केवढ्याला, नवा का जुना. तेच लिहायचं.

खऱ्यावरून आठवलं. आपल्याच बेदाण्याची गोष्ट घ्या. निम्म्या जाहिरातींत असतं, "१००% नैसर्गिक, केमिकल फ्री, सोनेरी बेदाणा." आता आपण सगळे शेडवाले आहोत, एकमेकांपासून काय लपवायचं. शंभर लिटर पाण्यात अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर डिपिंग ऑईल हे द्रावण कोण करत नाही? मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची शिफारसच आहे ती, त्यात चोरी कसली? द्राक्षाच्या सालीवरचा मेणाचा थर सुटतो आणि पाणी लवकर निघून जातं, म्हणून बेदाणा पंधरा-वीस दिवसांत होतो. आणि तो सोनेरी रंग? तो गंधकाच्या धुरीचा. धुरी दिली की रंग टिकतो, कीड-बुरशी धरत नाही. हे जगभर करतात. मग "केमिकल फ्री" कशासाठी लिहायचं?

इथं प्रश्न नुसत्या खोटेपणाचा नाही. दमा असलेल्या काही माणसांना गंधकाचा त्रास होतो. एका ताईंनी नाशिकहून फोन केला, पोराला दमा आहे, तुमचा बेदाणा चालेल का. मी विचारलं कुठला बघितलाय, तर पिवळा. तो घेऊ नका म्हटलं, धुरी न दिलेला, उन्हात वाळवलेला काळा बेदाणा घ्या आणि आधी डॉक्टरांना विचारा. माझ्याकडं काळा नव्हता, ज्यांच्याकडं होता त्यांचा नंबर दिला. ज्याने "केमिकल फ्री" लिहिलं त्याच्या पोस्टवर शेतकऱ्याबद्दल दया ओसंडून वाहत होती. त्या पोराबद्दल मात्र काही नव्हतं. पाकिटावर "गंधकाची धुरी दिलेली आहे" एवढी चार शब्दांची ओळ लिहायला काय जातं?

तसंच "मधुमेहींसाठी उपयुक्त". अहो, बेदाण्यात निम्म्याहून जास्त साखर असते! कुणाच्या आजीनं वाचून मूठभर खाल्ला तर? आणि "सेंद्रिय" म्हणून जैविक भारतचं चिन्ह छापणारे. त्याला एनपीओपी नाहीतर पीजीएसचं प्रमाणपत्र लागतं, शेण टाकलं की झालं असं नसतं.

कायदाही आहे, ज्यांना दयामाया कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत ग्राहक असल्याचं भासवून आपल्याच मालाचे खोटे अभिप्राय लिहायला मनाई आहे. मेव्हण्याकडून "लय भारी चव" लिहून घेणाऱ्यांनी नोंद घ्यावी. पाकिटावर निव्वळ वजन, किंमत, पॅकिंगचा महिना-वर्ष, आपलं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि अन्न परवान्याचा १४ अंकी नंबर पाहिजेच. हे लिहिलं की अर्धी जाहिरात तिथंच झाली.

भावाचंही सांगतो, कारण "शेतकऱ्याला योग्य भाव द्या" असं लिहिणारे भाव कसा आला ते सांगत नाहीत. मी सांगतो. चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा. द्राक्ष ३५ नं धरलं तर १४० तिथंच गेले. काढणी, डिपिंग, शेड मिळून २८. निवडणी-धुलाई १२. शीतगृह आणि तूट ६. पिशवी-खोका १४. पाच किलोचं पार्सल धरून कुरिअर किलोमागं ५०. झाले २५०. मी घरपोच ३२० ला देतो, माझे ७० राहतात. आकडे माझ्या शेडचे आहेत, तुमचे वेगळे असतील. हा हिशोब मी गिऱ्हाईकांच्या ग्रुपवर टाकला तेव्हा घरातल्यांनी वेड्यात काढलं, नफा कुणी सांगतं का म्हणून. त्या दिवसापासून भाव कमी करा म्हणणारे फोन जवळजवळ बंद झाले. ज्याला परवडत नाही तो घेत नाही, राम राम.

आता उलटी बाजू. कारण ऑनलाईन आपण फक्त विकत नाही, विकतही घेतो. आणि अडलेल्या माणसाला काय काय विकलं जातं ते बघा. बागेत डाऊनी आलेला, रात्री अकरा वाजता झोप नसलेला माणूस मोबाईल उघडतो. समोर येतं: "एकच फवारणी, रोग मुळासकट गायब, मण्यांची फुगवण दुप्पट!" आत काय आहे ते लिहिलेलं नाही. किती मिली ते "आमच्या प्रतिनिधीशी बोला". जैवउत्तेजकं २०२१ साली खत नियंत्रण आदेशाखाली आणली गेली ती याच कारणानं, की कुणीही उठावं आणि बाटलीत काहीही भरून विकावं असं चाललं होतं. तरी बाटलीवरचा नोंदणी नंबर बघणारे किती? मोबाईलवर तर बाटलीची मागची बाजू दाखवतच नाहीत.

२०१७ साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले. कारणं अनेक होती, पण औषधाबरोबर येणारं ते पत्रक हातात घेऊन बघा. मुंगीच्या पायाएवढं अक्षर. ज्याच्या जिवाचा प्रश्न त्यालाच वाचता येत नाही. म्हणून मी म्हणतो, वाईट लिहिणं हा नुसता मराठीच्या तासाचा विषय नाही.

इथं जे कृषी पदवीधर, कृषी सहायक, शास्त्रज्ञ मंडळी वाचतात त्यांनाही एक विनंती. रागावू नका. "योग्य त्या प्रमाणात शिफारशीत बुरशीनाशकाची आवश्यकतेनुसार फवारणी करावी." हे वाक्य तुमच्या लेखात मी शंभर वेळा वाचलंय. यात योग्य किती, शिफारस कुणाची, आवश्यकता कशी ओळखायची? ज्याला हे तिन्ही माहीत आहे त्याला लेख नकोच आहे. औषधाचं नाव, लिटरला किती ग्रॅम, एकरी पाणी किती, फवारल्यावर किती दिवसांनी काढणी, कशात मिसळायचं नाही, ही पाच उत्तरं लिहा. आणि "शेतकरी बांधव अज्ञानी आहे" असं लिहिण्याआधी आपलंच वाक्य एकदा मोठ्यानं वाचा.

माझा पुतण्या हे सगळं वाचून म्हणाला, "तात्या, पण दुःख खरंच असलं तर? गारा पडल्या, पूर आला, तर लपवायचं का?" प्रश्न बरोबर आहे. लपवायचं कशाला. पण लिहायचं कसं ते बघा. "या तारखेला गारा झाल्या, मण्यांवर डाग आहेत, चवीत फरक नाही, म्हणून नेहमीच्या ३२० ऐवजी २६०." हे दुःख आहे आणि ती माहितीही आहे. गिऱ्हाईक ठरवतं डागाचा चालेल की नाही. यात कुणाची मान खाली जात नाही.

आणि मदत हवी असेल तर मदतच मागा, उघड. गेल्या सप्टेंबरात, २०२५ ला, सीनाकाठची आणि मराठवाड्यातली रानं खरवडून गेली, माती गेली, जनावरं गेली. आमच्या गावातनं दोन टेम्पो चारा आणि धान्य गेलं. कुणी किती दिलं, डिझेल किती लागलं, काय कुठं उतरलं, सगळा हिशोब पोरांनी ग्रुपवर टाकला. त्यात कुणी बेदाणा विकला नाही. आणि त्याच आठवड्यात एका पेजवर आमच्या कृष्णेच्या २०१९ च्या पुराचा फोटो टाकून, पूरग्रस्त शेतकऱ्याचा गूळ म्हणून, गूळ विकायला होता. फोटोतला पूल मी ओळखला. ज्यांचं खरंच वाहून गेलं त्यांचा आवाज अशा लोकांमुळं दबतो. गिऱ्हाईक एकदा फसलं की पुढच्या खऱ्या हाकेलाही "असलंच काहीतरी" म्हणून बोट पुढं सरकवतं. लांडगा आला रे आला, दुसरं काय.

अजून एक, थोडक्यात. जाहिरातीत लिहितो आपण "माझ्या घामाचा बेदाणा". निवडणीला बसलेल्या बायका त्यात कुठं असतात? पत्र्याच्या शेडात, मार्च-एप्रिलच्या उन्हात, मान खाली घालून दिवसभर काडी वेचायची. करुणा दाखवायची एवढी हौस असेल तर तिथं पंखा लावा, प्यायचं पाणी गार ठेवा, शनिवारचा पगार शनिवारी द्या.

आणि गिऱ्हाईकही माणूस असतं, त्याच्याही घरात काहीतरी घडतं. ठाण्याच्या एकांनी दहा किलोची ऑर्डर दिली होती, पैसे भरले होते, आणि पार्सल निघायच्या आदल्या दिवशी वडील गेले. त्यांनी दोन ओळींचा निरोप पाठवला, आता नको. पुतण्यानं मोबाईलमध्ये तयार उत्तर भरून ठेवलंय, "प्रिय ग्राहक, आमच्या रिफंड धोरणानुसार आपली विनंती सात दिवसांत..." ते जाणारच होतं, मी थांबवलं. लिहिलं, "पैसे परत पाठवले आहेत, मिळाले का तेवढं सवडीनं बघा. बेदाण्याची काळजी करू नका. वडिलांचं ऐकून वाईट वाटलं." तयार उत्तरं कुरिअरच्या नंबरासाठी ठेवा. मरण, आजारपण, नोकरी गेली अशा निरोपाला स्वतःच्या हातानं लिहा, दोन ओळी का होईना. आणि त्या दोन ओळींत "पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट" घालू नका. हसू नका, असं घालणारे आहेत.

ज्यांना आपल्या मालाचा मजकूर लिहायचाय आणि जमत नाही त्यांनी मला फोनवर बोलून आवाजाचा निरोप पाठवा. माल कसा पिकवला, कसा काढला, काय चांगलं, काय कमी, केवढ्याला, कधी पाठवणार. जसं बांधावर बोलता तसं बोला. पुतण्या उतरवून काढेल, आम्ही दोघं बसून नीट लावून देऊ. पैसे नाहीत. फक्त हात जोडल्याचं चिन्ह घालणार नाही, आणि घरातल्या कुणाचा फोटो त्याला विचारल्याशिवाय लावणार नाही.

ताईंची हळद अजून चाळीस किलोच्या आसपास आहे. भाव वर लिहिलाय, चाळण आता बारीक आहे. येत्या सोमवारी दळायची आहे, रविवार संध्याकाळपर्यंत कळवा.